न पुरलेला डबा

जुन्या वाड्यांत राहिलेल्या प्रत्येक कुटुंबांत गुप्तधनाची एक तरी कथा असतेच. कोणा खापरपणजोबांनीं पेंढाऱ्यांच्या भीतीनें मोहरांचा हंडा पुरला, त्याची खूण एका कागदावर लिहून ठेविली, तो कागद वाळवीनें खाल्ला, आणि तेव्हांपासून माजघराचा ईशान्य कोपरा खणावा कीं खणूं नये या प्रश्नावर दर दिवाळीस वाद झडतो! आमच्या घरींही अशी कथा आहे. हंडा मात्र अद्यापि कोणास सांपडलेला नाहीं. धन लपवावें आणि त्याची खूणही लपवावी, हीच आजवरची रीत आम्हांस ठाऊक होती. धन लपवून त्याची खूण साऱ्या जगास कळविण्याचा उफराटा व्यवहार आम्हांस प्रथम कळला तो यंदाच्या फाल्गुनांत, आणि तोही एका तेरा वर्षांच्या मुलाकडून. त्या व्यवहाराची, आणि त्यापायीं भंडारा जिल्ह्यांतील रानांत व तलावाकांठीं गेलेल्या एका दिवसाची हकीगत या महिन्यांत वाचकांस सांगावयाची आहे.

हा मुलगा म्हणजे आमच्या पुतणीचा चिरंजीव, कैलासवासी दादांचा नातू. तो अमेरिकेंत सिएटल शहरीं जन्मला आणि तेथेंच वाढला. मराठी चांगली बोलतो. वाचतांना मात्र जोडाक्षरापाशीं ठेंच लागते. दादा आमचे थोरले बंधु. त्यांची सारी हयात भंडाऱ्यास मुलांना भूगोल शिकविण्यांत गेली. दोन वर्षांपूर्वीं ते वारले तेव्हां या मुलास येतां आलें नाहीं. ती रुखरुख त्यानें कधीं बोलून दाखविली नाहीं, आणि आम्हींही कधीं विचारिली नाहीं.

आल्या दिवशींच त्यानें खिशांतील भ्रमणध्वनि काढला, भंडाऱ्याचा नकाशा उघडला, आणि तोंड पाडून म्हणाला, "इथें जवळपास एकही कॅश नाहीं!"

आत्याबाई देवघरांत वाती वळीत होत्या. वय वर्षें शहाऐंशीं. ऐकूं कमी येतें. पण जेवढें येतें तेवढें नेमकें येतें. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, रोकड हवी असेल तर आजोबांजवळ माग. नकाशांत रे कसली शोधतोस?"

सारें घर हंसलें, मुलगाही हंसला. मग त्यानें आपला खेळ आम्हांस समजावून सांगितला. या खेळाचें नांव जिओकॅशिंग. येथील 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे, तर लपवून ठेविलेला साठा. एक पाणी न शिरणारा डबा घ्यावयाचा, त्यांत एक लहानशी नोंदवही, एक पेन्सिल व कांहीं किरकोळ चिजा ठेवावयाच्या, आणि तो एखाद्या दगडाच्या कपारींत किंवा झाडाच्या ढोलींत दडवावयाचा. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांसाठीं प्रसिद्ध करावयाचे. शोधणारानें यंत्राच्या साहाय्यानें तेथवर जावें, डबा हुडकावा, वहींत आपलें नांव व तारीख लिहावी, आणि डबा होता तसाच पुन्हां ठेवून द्यावा. डब्यांतील एखादी चीज घ्यावीशी वाटली तर तितक्याच मोलाची दुसरी तेथें ठेवावी. या मुलानें असे शंभरांवर डबे शोधले आहेत. "आणि मिळालें काय?" असें आम्हीं विचारतांच तो म्हणाला, "आजोबा, मिळत कांहीं नाहीं. जिथें कधीं गेलों नसतों तिथें जातों." या उत्तरानें आमचा निम्मा विरोध तेथेंच मावळला.

या खेळाचा जन्मही मनोरंजक आहे. आकाशांतील उपग्रहांच्या संकेतांवरून पृथ्वीवरील स्थान काढण्याची जी अमेरिकन व्यवस्था आहे, तिचे नागरिकांस मिळणारे संकेत पूर्वीं लष्करी कारणास्तव मुद्दाम अंधुक केलेले असत. त्यामुळें स्थानांत शंभर मीटरपर्यंत चूक पडे. सन २००० च्या मे महिन्याच्या आरंभीं अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें हा अंधुकपणा काढून टाकण्यांत आला. लगेच ३ मे रोजीं डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थांनीं ऑरेगन राज्यांतील बीव्हरक्रीक गांवाजवळ एक प्लास्टिकची बादली लपविली, आणि तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध करून "शोधा पाहूं!" म्हणून आव्हान दिलें. बादलींत पुस्तकें होतीं, एक गलोल होती, आणि घेवड्याच्या उसळीचा एक बंद डबाही होता! तीन दिवसांच्या आंत ती सांपडली. आज अशा जागांची संख्या जगभर तीस लाखांहून अधिक आहे. तथापि कल्पना सर्वस्वीं नवी नव्हे. इंग्लंडांत डार्टमूरच्या माळरानांत क्रॅनमियर नांवाचें एक दुर्गम डबकें आहे. तेथें जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें सन १८५४ मध्यें एक बाटली ठेविली. तेथवर चालत जाणारानें आपलें नांवाचें कार्ड तींत टाकून यावें, अशी प्रथा पडली. अवघड जागीं पोंचल्याची खूण मागें ठेवावी, ही हौस मनुष्यास जुनीच आहे.

जवळपास डबा नाहीं, तेव्हां आपणच एक ठेवावा, असें मुलानें ठरविलें. आणि तोही वाघाच्या रानांत! येथें मात्र आम्हांस त्यास अडवावें लागलें. भंडारा जिल्हा रानांनीं वेढलेला आहे. सन १९९९ मध्यें गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हां नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान तिकडे गेलें. नागझिऱ्याचें अभयारण्य दोन्हीं जिल्ह्यांस लागून राहिलें. नागझिरा सन १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगांव सन १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान. भंडारा शहरापासून सुमारें वीस किलोमीटरांवरील कोक्याचें रान सन २०१३ मध्यें अभयारण्य झालें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हीं सारीं रानें मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. अशा ठिकाणीं सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें परवान्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. तेथून कांहीं न्यावयाचें नाहीं, आणि आपलें म्हणून कांहीं ठेवावयाचेंही नाहीं. मुलानें वाद घातला नाहीं. उलट त्यानेंच सांगितलें कीं, जागेच्या मालकाची अनुज्ञा असल्यावांचून डबा ठेवूं नये व तो जमिनींत पुरूं नये, असे खेळाचेही नियम आहेत. तेव्हां असें ठरलें कीं, सकाळीं कोक्याचें रान केवळ पाहण्यासाठीं पाहावें, आणि डबा ठेवावा तो आमच्या आजोळच्या गांवच्या तलावाच्या पाळीवर. तेथील जाणत्या मंडळींस आम्ही विचारून आलों. आदल्या सायंकाळीं मुलांनीं तो एका दगडाच्या कपारींत ठेवूनही दिला, आणि दुसऱ्या दिवशीं घरच्या धाकट्या मुलांनीं तो हुडकावयाचा असा बेत झाला.

(त्या तलावाचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. कारण पुढें कळेल.)

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही सहा जण कोक्याच्या फाटकाशीं हजर झालों. हवेंत गारवा होता. फाटकाबाहेर मोहाच्या झाडांखालीं बाया टोपल्या घेऊन फुलें वेंचीत होत्या. त्या गोडसर, किंचित् आंबूस वासानें सारी वाट भरून गेली होती. शहरांतल्या मनुष्यास हें दृश्य काव्यमय वाटतें. आमच्याबरोबर दिलेला वाटाड्या तेथल्याच एका खेड्यांतला तरुण. तो म्हणाला, "हेच दिवस भेवाचे असतात जी. मोहावर अस्वलाचाही डोळा असतो." अंधारांत वांकून फुलें वेंचणारें माणूस जनावरास माणसासारखें दिसत नाहीं, आणि अस्वल मोहाच्या पायीं आंधळें झालेलें असतें. या भागांत माणसांवर होणारे कित्येक हल्ले अशाच पहांटे होतात. आमची सहल ज्या रानांत, त्याच रानाच्या कडेला कोणाची तरी वर्षाची मिळकत जिवावर उदार होऊन वेंचली जात आहे, हें फाटकांत शिरण्यापूर्वींच मुलांच्या ध्यानांत आलें, हें बरेंच झालें.

आंत गेल्यावर पहिला अर्धा तास कांहींच दिसलें नाहीं, म्हणजे आम्हांस दिसलें नाहीं. वाटाड्याला दिसत होतें. त्यानें ऐनाचें झाड दाखविलें. त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची. कुसुंबाची कोंवळी पालवी दाखविली. ती लांबून पाहणारास फुलेंच वाटतात, इतकी लाल. पळस तर पेटलाच होता. एका वारुळाची एक बाजू खणून काढलेली होती; तें अस्वलाचें काम. धुळींत उमटलेलें एक पाऊल त्यानें गाडींतूनच दाखविलें, आणि तें नराचें कीं मादीचें यावर आमच्या बालमंडळांत लगेच दोन पक्ष पडले. मग सांबराची एक मादी कान टवकारून उभी राहिलेली दिसली. थोड्या वेळानें पांच रानकुत्रीं एकामागून एक वाट ओलांडून गेलीं. तांबूस अंग, काळी झुबकेदार शेंपटी, आणि आमच्याकडे पूर्ण दुर्लक्ष. शेवटचें मात्र वाटेंत थांबलें, आम्हांस निरखून पाहिलें, आणि मग गेलें. त्या क्षणीं गाडींत कोणीही श्वास सोडला नाहीं. वाघ दिसला नाहीं. परत येणारा प्रत्येक मनुष्य "वाघ दिसला काय?" एवढेंच विचारतो, आणि नाहीं म्हटलें कीं आपलें सांत्वन करूं लागतो! पांच रानकुत्रीं पाहिलेल्यास सांत्वनाची गरज नाहीं.

एका वळणावर मुलगा एकदम ओरडला, "कॅश!" आणि लागलीच त्यानें आपलें तोंड दाबून धरलें. वाटेच्या दोहों बाजूंस समोरासमोर दोन झाडांच्या बुंध्यांस गुडघाभर उंचीवर एकेक लहानशी पेटी बांधलेली होती. वाटाड्या हंसून म्हणाला, "तो कॅमेरा आहे जी, वाघाचा."

हें प्रकरण वाचकांस सांगण्यासारखें आहे. पूर्वीं वाघांची गणती पावलांच्या ठशांवरून करीत. राजस्थानांतील सारिस्का येथें सन २००४-०५ मध्यें एकही वाघ उरला नसल्याचें उघडकीस आलें, आणि ठशांवरील भिस्त किती फसवी होती हें कळून चुकलें. सन २००६ पासून दर चार वर्षांनीं शास्त्रशुद्ध रीतीनें अंदाज काढला जातो. रानाचे दोन-दोन चौरस किलोमीटरांचे चौकोन पाडून, जनावरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर असे कॅमेरे लावतात. पुढून जनावर गेलें कीं छायाचित्र आपोआप निघतें. दोन कॅमेरे अशासाठीं कीं वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टे निरनिराळे असतात, आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशीं कधीं जुळत नाहींत. सन २०१८ च्या गणतींत देशभर २६,८३८ ठिकाणीं असे कॅमेरे लाविले होते. त्यांत ३ कोटी ४८ लाखांवर छायाचित्रें निघालीं. पैकीं वाघांचीं ७६,६५१. सन २०२२ च्या अंदाजाप्रमाणें महाराष्ट्रांत ४४४ वाघ आहेत.

"म्हणजे हेही जिओकॅशिंगच झालें," मुलगा म्हणाला. "पेटी लपविलेली, तिचे अक्षांश-रेखांश टिपलेले, आणि वाघ येऊन आपली सही करून जातो." आम्हांस हा दृष्टांत आवडला. पण लगेच धाकट्या नातीनें विचारलें, "मग ह्या पेट्यांची जागा पण सगळ्यांना सांगतात कां?"

"नाहीं," वाटाड्या म्हणाला. "ती कोणालाच सांगत नाहींत."

कां सांगत नाहींत, यास या भागांतच दाखले आहेत. नागझिऱ्यांत जन्मलेला 'जय' नांवाचा वाघ सन २०१३ मध्यें शेतें, रस्ते, नदीनाले ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानांत गेला. प्रचंड देहाचा, आणि लोकांचा लाडका. त्याच्या गळ्यांत ठावठिकाणा कळविणारा पट्टा होता. सन २०१६ च्या एप्रिलांत तो नाहींसा झाला तो आजतागायत. साऱ्या जगानें ज्याचीं छायाचित्रें काढलीं तो वाघ कोठें गेला, हें कोणास सांगतां आलें नाहीं! मध्यप्रदेशांतील पन्ना येथील एका वाघाच्या पट्ट्याकडून येणारे अक्षांश-रेखांश ज्या विद्युत्पत्राच्या पेटींत जमा होत, ती पेटी परभारें उघडण्याचा कोणीतरी प्रयत्न केल्याचें सन २०१३ मध्यें आढळून आलें होतें. दक्षिण आफ्रिकेंत गेंड्याचें छायाचित्र प्रसिद्ध करतांना स्थळ कळूं देऊं नका, अशा पाट्या प्रवाशांसाठीं लाविलेल्या असतात. नागझिऱ्यांत वाघांची संख्या वाढावी म्हणून सन २०२३ च्या मे महिन्यांत ब्रह्मपुरीकडील दोन वाघिणी आणून सोडल्या. त्यांच्याही गळ्यांत पट्टे बांधले होते. रक्षकाच्या हातीं असलेलीच खूण भक्षकाच्या हातीं गेली कीं तिचा अर्थ पालटतो. आकडा तोच, हात मात्र निराळा.

दुपारीं जेवणें आटोपून आम्ही तलावावर गेलों. पूर्व विदर्भाबाहेरील वाचकांस या तलावांची कल्पना नसेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत असे हजारों तलाव व बोड्या आहेत. गोंड राजांच्या काळापासून येथील कोहळी समाजानें ते बांधले. उतार कोठून कोठें आहे हें केवळ नजरेनें हेरून, मातीची पाळ घालून, पाणी सोडण्यास तुडूम ठेवून त्यांनीं धानाची शेती उभी केली. पुढें त्यांस मालगुजारी तलाव म्हणूं लागले. सन १९५१ मध्यें मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि जी देखभाल घरची म्हणून होत होती ती कोणाचीच राहिली नाहीं. पुष्कळ तलाव गाळानें भरले. कित्येकांत बेशरमीचें रान माजलें. अलीकडे कोठें कोठें ढिवर समाजाच्या बायाबापड्यांनीं बेशरम उपटून देशी पाणवनस्पति पुन्हां लाविल्या आहेत, आणि तेथें मासळी व पांखरें परतूं लागलीं आहेत. दादा आपला भूगोलाचा वर्ग दरसाल याच तलावावर आणीत. पुस्तक मिटावयास लावीत आणि मुलांस प्रश्न घालीत: पाळ किती पावलांची? ती वांकडी कां? पाणी कोणत्या दिशेस उतरतें? सर्वांत वरच्या शेतास पाणी आधीं कां पोंचतें?

पाळीच्या टोंकास एक खडकाळ पट्टा आहे. डबा तेथें होता. धाकटीं मुलें यंत्र हातीं घेऊन धांवलीं, आणि त्याच क्षणीं एक टिटवी डोक्यावरून किंचाळत गेली. मागोमाग दुसरी. त्या दोघींनीं असा गिल्ला केला कीं बोलणें ऐकूं येईना. एक तर पुढें जमिनीवर उतरून, एक पंख मोडल्यासारखा ओढीत, आम्हांस भलत्याच दिशेस नेऊं लागली.

आम्हीं मोठ्यानें ओरडून सर्वांस जागच्या जागीं थांबविलें. धाकट्या नातीचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. तिच्या पायापासून हातभर अंतरावर, उघड्या जमिनीवर, चार अंडीं होतीं. घरटें असें नाहींच; चार-दोन खडे भोंवतीं सारलेले. मातीच्या रंगाचीं, काळ्या ठिपक्यांचीं, निमुळत्या टोंकांनीं आंत वळविलेलीं तीं अंडीं दिसत असूनही दिसत नव्हतीं. डब्यापासून तीं दहा पावलांवर होतीं.

एकेक पाऊल मागें घेत आम्ही सारे दूर झालों आणि एका झाडाखालीं बसलों. पुष्कळ वेळानें टिटवी चालत आली, थांबली, इकडे तिकडे पाहिलें, आणि अंड्यांवर बसली. उन्हाळा कडक झाला म्हणजे ही पांखरें पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून आणतात व अंडीं गार ठेवितात. सुमारें चार आठवडे हा पहारा चालतो.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "कालही ती अशीच ओरडत होती. मला वाटलें, ती नेहमीच ओरडते."

आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. त्यानें आपणहून पुढें सांगितलें कीं, डब्याची नोंद त्यानें रात्रीं पाठविलेली आहे. खेळाचे तपासनीस ती पाहतील, आणि मग ती जगापुढें येईल. कोणी येईल, कोणी येणार नाहीं; पण येणारा प्रत्येक जण याच पट्ट्यावर पाऊल टाकीत येईल. मग तो खालीं मान घालून म्हणाला, "त्या डब्यांत आजोबांचें होकायंत्र आहे."

हें आम्हांस ठाऊक नव्हतें. दादांचें पितळी होकायंत्र त्यानें आईजवळून मागून सिएटलाहून आणलें होतें. वहीच्या पहिल्या पानावर दादांचें नांव लिहिलें होतें. ज्यास निरोप देतां आला नाहीं त्याची एक खूण त्याच्या आवडत्या जागीं राहावी, लांबलांबच्या लोकांनीं ती हातीं घेऊन पाहावी, एवढाच त्याचा हेतु. त्याच्या परीनें तें तर्पण होतें. आणि तें तेथून उचला, असें सांगण्याची पाळी आमच्यावर आली होती. खरें सांगावयाचें तर आमची जीभ उचलेना. चार अंडीं आणि एका मुलाच्या मनांत दोन वर्षें सांचलेलें दुःख, यांत वजन कोणाचें अधिक, हें ठरविण्यास आम्हांजवळ तराजू नव्हता.

तें आम्हांस ठरवावें लागलें नाहीं. त्यानें यंत्र काढलें, नोंद मागें घेतली, आणि विचारलें, "डबा कसा आणूं? ती पुन्हां उठेल." उन्हें कलेपर्यंत आम्ही थांबलों. मग वाटाड्याच्या सकाळच्या शिकवणीप्रमाणें तो एकटाच पाण्याच्या बाजूनें, वांकून, लांबचा वळसा घेऊन गेला आणि डबा घेऊन आला. टिटवी एकदां ओरडली. उठली मात्र नाहीं.

परततांना आम्हीं त्यास दादांचे प्रश्न सांगितले. हें ऐकून तो म्हणाला कीं, सन २००४ पासून या खेळांत असाही एक प्रकार आहे, ज्यांत डबा मुळींच नसतो. भूमीच त्या ठिकाणीं कांहीं शिकविते, आणि शोधणारानें प्रश्नांचीं उत्तरें आणावयाचीं असतात. लगेच त्यानें पाळीच्या दुसऱ्या, निर्धोक टोंकाकडून पावलें मोजावयास आरंभ केला. होकायंत्र हातांत धरून तो तुडुमापर्यंत गेला. पाणी आग्नेयेस उतरतें, हें त्यानें स्वतः शोधून काढलें. पाळ वांकडी कां, यावर त्याचा व आमचा अद्यापि एकमत झालेला नाहीं. दादा असते तर त्यांनीं उत्तर सांगितलें नसतेंच.

रात्रीं आत्याबाईंस सर्व हकीगत सांगितली. त्यांनीं मुलास जवळ बसवून पंचतंत्रांतील टिटवीची गोष्ट सांगितली. समुद्रानें टिटवीचीं अंडीं नेलीं. एवढीशी टिटवी समुद्राशीं भांडावयास उभी राहिली. सारे पक्षी जमले, गरुडाकडे गेले, गरुड विष्णूकडे गेला, आणि अखेर समुद्रास अंडीं परत द्यावीं लागलीं. गोष्ट संपल्यावर त्या म्हणाल्या, "आतां गरुड कुठून आणायचा? म्हणून समुद्रानेंच आधीं शहाणपण धरावें हें बरें."

या जिल्ह्यांत, आणि शेजारच्या गोंदियांत त्याहून अधिक, धानाच्या बांध्यांत सारस पक्षी घरटें करतात. महाराष्ट्रांतले उरलेसुरले सारस बहुतेक येथेंच आहेत. भंडाऱ्यांत तर बोटांवर मोजण्याइतकेच. वाल्मीकीनें ज्याचा शोक ऐकला तो क्रौंच म्हणजे सारसच, असें कित्येक अभ्यासक मानतात. असें एखादें घरटें दिसलें कीं आजचा सुशिक्षित मनुष्य प्रथम काय करतो? छायाचित्र काढतो, आणि जागेच्या खुणेसह चारशें ओळखीच्यांस धाडतो. हेतु वाईट नसतो. आनंद वांटावा एवढाच असतो. पण निषादाचा बाण हेतु वाईट असला तरच लागतो असें थोडेंच आहे! मारुती चितमपल्लींनीं नवेगांवास वर्षानुवर्षें राहून या रानाचें, या पांखरांचें नांव आपल्या घराघरांत पोंचविलें. सन २०२५ च्या जूनमध्यें ते सोलापुरास निवर्तले. त्यांचीं पुस्तकें वाचून किती जणांस रानाची ओढ लागली असेल! तथापि ती ओढ रानाची होती. अमुक घरट्याची, अमुक गुहेची नव्हती. आनंद वांटावा, ठिकाण वांटूं नये, एवढा भेद आपल्या घरांतल्या मुलांस शिकवितां आला तर पुरे.

सुटींत मुलांस रानांत नेऊं इच्छिणाऱ्या वाचकांस चार शब्द सांगून हें पुरें करतों. अभयारण्यांचे परवाने आधीं काढावे. पावसाळ्यांत तीं बंद असतात. मातकट रंगाचे कपडे घालावे, अत्तरें टाळावीं. वाघ दाखवीन असें मुलांस वचन देऊं नये. झाडें, ठसे, आवाज ओळखण्याची पैज लावावी. पांखरू डोक्यावर ओरडूं लागलें कीं तें आपल्याशींच बोलत आहे असें समजून जागीं थांबावें, पायांखालीं पाहावें, आणि आल्या पावलीं मागें फिरावें. घरीं एक वही ठेवावी, आणि जें पाहिलें तें त्याच रात्रीं तींत लिहावें.

आमच्याकडे ती वही आतां आहे. डब्यांतलीच. होकायंत्र मुलाबरोबर सिएटलास परत गेलें. वही तो ठेवून गेला. दादांच्या नांवाखालीं त्याच्या हातची पहिली नोंद आहे, जोडाक्षरें खोडून खोडून लिहिलेली: "टिटवी. अंडीं ४. जागा सांगणार नाहीं." तिच्याखालीं चैत्रांतली दुसरी नोंद आमची आहे. दुर्बिणींतून लांबून पाहिलें, अंडीं नव्हतीं. पाण्याच्या कडेनें मातीच्या रंगाचीं दोन पिलें आईमागें धांवत होतीं. उरलेल्या दोहोंचें काय झालें तें कळलें नाहीं. मुलास तसेंच कळविलें आहे.